अर्धीच सांगितलेली प्रार्थना

गल्लीत कुणाची खिडकी फुटली की शेजारी हसून म्हणायचे, "आज काचकाकांकडे गोडाचं जेवण दिसतंय." काचकाका खिडक्यांना काचा बसवायचे. दगड मारणाऱ्यांच्या जिवावर पोट भरणारा हा माणूस, पण त्यांचा सगळ्यात मोठा वैरीही हाच. चोर, मवाली, दारुडे, सगळ्यांना एका कोठडीत कोंडावं आणि किल्ली विहिरीत टाकावी, हे त्यांचं आवडतं वाक्य. मत कायम शिस्तीच्या पक्षाला. त्यांच्या वडिलांचंही तिथेच जायचं. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही, जसं मिठाच्या चवीवर होत नाही.

मग त्यांचाच मुलगा तुरुंगात गेला. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे चोरी केली, पळताना तिला ढकललं, तिचं मनगट मोडलं. पोलीस त्याला जिन्यावरून नेत होते तेव्हा काचकाका खाली दुकानात काच पक्की बसावी म्हणून चौकटीत भरायची लांबी मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मळतच राहिले, लांबी पार तेलकट होईपर्यंत.

त्यानंतर लोक दुकानापुढून घाईघाईने जायला लागले. आत आले ते एकटे कोपऱ्यावरचे औषधवाले. चर्चच्या मंडळीतले मोठे मानाचे गृहस्थ, सगळे त्यांना बंधू म्हणत. काचकाका तोवर नावाचे ख्रिस्ती, चर्चची पायरी चढायची ती लग्नाला नाहीतर मयताला. बंधूंनी उपदेश केला नाही. ते साबण आणि शुभवर्तमान घेऊन तुरुंगात कैद्यांना भेटायला जात. म्हणाले, "चला माझ्याबरोबर."

"मी त्याचं तोंड बघणार नाही."

"त्याचं नका बघू. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं बघा."

काचकाका गेले. दुसऱ्या कुणाच्या मुलाने साबण हुंगून बघितला आणि विचारलं, "काका, हा घरी वापरतात तसला आहे ना?" घरी आल्यावर काचकाकांनी धूळ झटकून बायबल काढलं. कैद्याला भेटायला गेला तो मलाच भेटायला आला, असं प्रभू म्हणतो, त्या जागी ते अडकून पडले. दुसऱ्या दिवशी बंधूंशी वाद घातला, "हे निरपराध कैद्यांबद्दल असणार."

"तसं तिथे लिहिलंय का?" बंधूंनी विचारलं.

तसं लिहिलेलं नव्हतं. तिथून माणूस बदलत गेला. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा एक निवारा होता. सुटून आलेल्या कैद्यांना काम मिळेपर्यंत तिथे राहता येई. तो बंद करा म्हणून पूर्वी काचकाकांनीच घरोघर सह्या गोळा केल्या होत्या. आता त्याच्या फुटक्या तावदानांना ते स्वतः जाऊन काचा लावू लागले. गिऱ्हाईक म्हणे, "काका, तुमची किल्ली विहिरीतून वर आली वाटतं." बायको तर तोंडावरच म्हणाली, "पोरगा आत गेला म्हणून देव आठवला तुम्हाला."

"असेल," ते म्हणाले. "पण आठवला ना?"

मुलगा सुटल्यावर निवाऱ्यातच उतरणार होता. म्हातारी वर राहत असताना त्याला घरी कसा आणणार? निवारा मात्र हाकेच्या अंतरावर. आईला डबा नेता येईल, बापाला हळूहळू तोंड बघता येईल. सगळं त्या एका इमारतीवर टेकलेलं होतं.

मंडळीच्या प्रार्थनासभेत एक रीत होती. गोल बसायचं, आपापलं ओझं मोठ्याने सांगायचं. उजवीकडे बसलेल्याने ते उचलायचं आणि आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करायची. तिथलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही. काचकाकांची पाळी आली. ते म्हणाले, "मुलगा सुटणार आहे. मला त्याची भीती वाटते. पोटच्या पोराची. प्रभूने एवढी भीती काढून घ्यावी, म्हणजे मला त्याला जवळ घेता येईल." हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. उजवीकडे बंधू होते. त्यांनी काचकाकांचा हात धरला, आणि डोळे बंधूंचेही भरून आले.

पुढे बंधू निवडणुकीला उभे राहिले, तेही शिस्तीच्या पक्षाकडून. काचकाकांना वाटलं, देवानेच आपला माणूस आत पाठवला, आता निवाऱ्याला धक्का लागत नाही. काचा बसवायला ज्या घरात जात तिथे ते बंधूंसाठी मत मागू लागले. कामगारांच्या पक्षाला मत देणारा न्हावी म्हणाला, "काका, माणूस बघताय, चिन्ह बघा." काचकाकांनी त्यालाच गप्प केलं.

चौकात सभा झाली. काचकाका बायकोला घेऊन पुढे बसले. बंधू छान बोलले. पाणी, दिवे, गटारं झाली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो निवारा. लोकवस्तीत असल्या जागा कशाला? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मुलगा तुरुंगात. त्या बापाने माझा हात धरून सांगितलं, मला माझ्या पोराची भीती वाटते. सख्ख्या बापाला भीती वाटते, तर तुमच्या लेकीबाळींनी काय करायचं? निवडून द्या, पहिलं कुलूप मी तिथे लावतो."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी काचकाकांच्या खांद्यावर थाप मारली, "खरं बोललात हो, काका." गल्लीत तुरुंगात मुलगा असलेलं दुसरं घरच नव्हतं. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, पदर सावरला आणि एकटीच उठून गेली.

सकाळी काचकाका औषधाच्या दुकानात गेले. बंधू गोळ्यांची पाकिटं लावत होते.

"नाव घेतलं का मी तुमचं?" त्यांनी आधीच विचारलं.

"घ्यायला हवं होतं. निदान पुढचंही सांगावं लागलं असतं. भीती काढून घे, असं मी मागितलं होतं. तुम्ही अर्धंच सांगितलंत."

"भाऊ, सभेत प्रार्थना सांगत नाहीत, मुद्दा सांगतात. एकदा निवडून आलो की तुरुंगातल्या लोकांसाठीही करता येईल काहीतरी."

"ते वचन तुम्हीच शिकवलंत मला."

"ते मनासाठी आहे. नगरपालिका वेगळी."

"आठवडाभर केलीत का हो प्रार्थना? माझ्यासाठी?"

बंधू पाकिटांकडे बघत म्हणाले, "केली ना." आणि काचकाकांना कळलं की केली असणार, खरोखर गुडघे टेकून केली असणार. केसाने गळा कापणारा माणूस खोटारडा तरी असता, तर सोसलं असतं.

काचकाकांनी त्यांना मत दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोट दुसऱ्या चिन्हावर गेलं. पण ज्या घरांत त्यांनी मत मागितलं होतं ती घरं त्यांना परत फिरवता आली नाहीत. न्हाव्याकडे मात्र ते जाऊन आले. तो साबणाचा फेस करत एवढंच म्हणाला, "बसा." बंधू निवडून आले. निवाऱ्याला कुलूप लागलं.

घरात बायको पानात वाढायची, पण बोलत नव्हती. कुलूप लागलं त्या दिवशी ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतीला काचांचे मोठे ताव टेकून ठेवलेले असत. पायवाट सोडली तर सगळी खोली त्यांचीच.

"तो इथे झोपेल," ती म्हणाली.

"इथे काचा आहेत."

"मग हलवा."

"वरची म्हातारी..."

"तिच्याशी मी बोलते. मनगटाला तेल मीच चोळत होते तिच्या, तुम्ही तुरुंगात साबण वाटत होतात तेव्हा." मग तिने विचारलं, "अजून भीती वाटते?"

"वाटते."

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मलाही वाटते."

तिने हाताला फडकं गुंडाळलं आणि पहिल्या तावाची एक बाजू धरली. काचकाकांनी दुसरी धरली. ताव उभाच न्यावा लागतो, आडवा केला की आपल्याच वजनाने तुटतो. ते त्यांनी तिला सांगितलं, आणि दोघं जपून पाऊल टाकत दाराकडे निघाली.