तीर्थरूप मातोश्रींस

पाकिटाच्या डिंकाचा वास आला की लढाईच्या दिवसांतली कॉलेजची सुट्टी आठवते. मी पुण्याहून कोरेगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. शेजारची मावशी पलटणीतल्या लेकाचं पत्र घेऊन आली. त्याला लिहिता येत नव्हतं, तिकडच्या कारकुनानं लिहून दिलेलं. मी ऐटीत वाचलं, "तीर्थरूप मातोश्रींस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी नसावी." तिचा चेहराच उतरला. "ह्ये माजं पोर न्हाई रं. त्यो असा कवा बोलतोय?" मग मी कागदाकडे बघतच म्हणालो, "आये, मी बरा हाय. लय घोर लावून घिऊ नगं." "व्हय, ह्यो त्योच!" मावशी रडत हसली. तो परत आला नाही. त्याचे म्हणून ते शब्द ती मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची. मी मात्र सुट्टीत तिच्या दारावरून जायचं टाळू लागलो.