तलावाच्या तळाची चिकणी

नथ्थूभाऊंच्या गावातल्या एसटीडीवरून ते गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नागपुरात मालकाची गाडी धूत होतो. पाइप तसाच वाहत राहिला... सांगोल्याकडचा मी, सातवीत शाळा सोडलेला. चामोर्शीजवळच्या त्या गावात माझं कोणी नव्हतं. मासे धरणाऱ्या या म्हाताऱ्या ढिवराने मला तीन वर्षं आपल्या चुलीवरचा मासळी-भात घातला, म्हणून भीत भीत लिहितो आहे.

तेव्हा मी एका परदेशी संस्थेची जीप चालवायचो. पृथ्वी तापणार, पाऊस लहरी होणार, म्हणून गरीब देशांना आधीच तयार करायचं, असं त्यांचं काम. साहेब लोक बाटलीतलं पाणी पीत गावाला पाण्याचं शिक्षण द्यायचे. त्यांनी ठरवलं, गावचा जुना तलाव मशीनने खोल करायचा. नथ्थूभाऊंनी कडेच्या पाण्यात उभं राहून बांबू तळात खुपसून दाखवला. "साहेब, गाळ न्या. पन खालची चिकणी माती नोका फोडू. तिच्याखाली मुरूम हाय, सारं पानी पिऊन टाकते." दुभाष्या बाईंनी ते सांगितलं. साहेब "फार छान" म्हणाले, भाऊंच्या हातातला बांबू काढून जाळं दिलं आणि फोटो काढला. तेवढ्यासाठीच भाऊ त्यांच्या कामाचे होते.

निघताना भाऊ माझ्याजवळ आले. "डायवरभाऊ, तू त्याईच्या गाडीत बसतेस. तू सांगून पाह्य ना." मी हो म्हटलं. गडचिरोलीपर्यंत आरशात साहेब दिसत होते. नोकरी जाईल या भीतीने माझं तोंड उघडलं नाही.

मशीनने तळ खणला, चिकणी फुटली. पाऊस भरपूर झाला, तरी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी तलाव आटला, मासळी चिखलात मेली. साहेबांनी कोरडा तळ मोजला आणि अहवालात लिहिलं, हवामानबदलाचा फटका. त्यावर दुसरा टप्पा मंजूर करून घेतला.

लाजेने मी जेवायला जाईना. भाऊच जीपपाशी आले. "माह्यं नाई आयकलं, तुह्यं का आयकतीन? चाल, भात निवून राह्यला." ताटात त्या दिवशी मासळी नव्हती, भातावर नुसती अंबाडीची भाजी होती.

परवा भाऊंच्या घरी गेलो. भिंतीवर संस्थेच्या पुस्तिकेवर छापलेला तोच जाळं धरलेला फोटो होता, हार घातलेला; भाऊंचा दुसरा फोटोच नव्हता. संस्थेचं नाव मात्र कात्रीने कापलेलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या, "त्याईचं नाव माह्या भिंतीवर काऊन ठेवू?"

खाली कोपऱ्यात तो बांबू उभा होता. टोकाच्या भेगेत माती वाळून बसली होती. नखाने खरवडली, थेंबभर पाण्यात बोटांनी मळून पाहिली... चिकणीच होती.