प्रभाची गाडी आणि परत गेलेलं गिऱ्हाईक

मंदार, इकडे ये बाबा. बस असा जवळ. तू बंगलोरला आणि मी मुलुंडला, तरी म्हणतेच. तुझ्या आईचा, प्रभाचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेलास, ते ठीक, नोकरी आहे. पण परवा फोनवर म्हणालास ना, ‘काकू, गाडी कुणालाही देऊन टाका, मला बघवत नाही,’ आणि वर ‘आईला मी तिथे एकटं ठेवलं’... ते मला मुळीच पटलेलं नाही. फोनवरच बोलले असते, पण तू ‘हो काकू, हो काकू’ करून मोकळा होतोस. म्हणून लिहिते. छापून आलं म्हणजे निदान वाचशील.

प्रभा गेल्याचं मला फोनवर कळलं. आमची दारं समोरासमोर, एकीच्या घरात चमचा पडला तरी दुसरीला ऐकू जायचा, आणि नेमकी त्या दिवशी मी भांडुपला बहिणीकडे, नलूकडे. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईने फोन केला, ‘काकू, तुम्ही घरी या.’ एवढंच. तिने नाव घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाजी घेऊन आली होती प्रभा, पंखा लावून सोफ्यावर टेकली, आणि तशीच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला मात्र रिक्षातून त्याच भांडुपच्या रस्त्याने येताना दुसराच एक दिवस आठवत होता. तो तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

तुझी मुलगी झाली तेव्हा प्रभा तुमच्याकडे आली आणि जवळजवळ वर्षभर राहिली. मग परत आली ती आवराआवर करायला. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि कायमचं बंगलोरला यायचं, असं तू ठरवलं होतंस, तिनेही मान डोलावली होती. गाडीला गिऱ्हाईकही तूच शोधलंस, संध्याकाळी बघायला येणार होतं. सकाळी आम्ही दोघी खाली गेलो. काचेवर एवढी धूळ, की पोरांनी बोटाने क्रिकेटचे स्टंप काढून ठेवलेले. प्रभाने किल्ली फिरवली. एकदा टिक झालं, मग तेही नाही. हॉर्नसुद्धा वाजेना.

वॉचमनने ओळखीचा बॅटरीवाला बोलावला. तो स्कूटरवर दुसरी बॅटरी घेऊन आला, दोन जाड वायरी जोडल्या. प्रभाने घाबरत विचारलं, ‘मर गई क्या?’ तो हसला. ‘मरी नहीं आंटी. खडी थी ना, बैठ गई.’ गाडी दोनदा खाकरली आणि सुरू झाली. म्हणाला, ‘अब बंद नहीं करने का. घंटाभर घुमाके लाओ, नहीं तो फिर बैठेगी.’

आता काही काम नसताना दोन म्हाताऱ्यांनी तासभर जायचं कुठे? मी म्हटलं, चल नलूकडे. वर्षभर प्रभाने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. एका सिग्नलला गाडी गचके द्यायला लागली, मागे बस, तर मला म्हणते, ‘शैला, देवाचं नाव घे.’ म्हटलं, ‘घेते, तू क्लच दाब.’ नलूच्या बिल्डिंगखाली उभ्या राहिलो तर ती गॅलरीतून, ‘गो, वर येऊक नको काय?’

‘बंद करता येत नाही,’ प्रभा खालून.

‘काय बंद करता येत नाही?’

‘गाडी.’

‘मग ब्रेक तरी लागतो ना?’ नलू बिचारी जिना उतरून धावत आली, हातात घावण्यांचा डबा. चालू गाडीत बसून खाल्ले आम्ही, मागचे रिक्षावाले शिव्या घालत होते तरी.

परतताना प्रभाने सिग्नलला गाडी नीट थांबवली. मग म्हणाली, ‘मला गाडी विकायची नाही गं.’

‘मग नको विकू.’

‘मंदारला वाईट वाटेल.’

‘का, तिकडे काही कमी पडतं का तुला?’

‘काहीच कमी नाही, हाच तर त्रास. पोरगा आणि सून, दोघं हातावर झेलतात, हलूच देत नाहीत. आणखी वर्षभर राहिले तर मीही बसेन, या गाडीसारखी.’ आणि हसली... पण डोळे भरले होते तिचे.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. सभ्य मुलगा, बरोबर बायको. तर तुझी आई सांगते काय, इंजिन तेल पितं, पावसात मागून पाणी शिरतं, आठवड्याला एकदा तरी धक्का मारावा लागतो. शेवटी बायकोनेच नवऱ्याची बाही ओढली. रात्री तुला फोन, ‘अरे, गिऱ्हाईक परत गेलं.’ तू म्हणालास, दुसरं बघू. ती म्हणाली, बघू. ते ‘बघू’ शेवटपर्यंत चाललं. परत गेलं नव्हतं रे ते, तिनं पळवून लावलं. मला शपथ घातली होती सांगायचं नाही म्हणून. आज मोडते ती शपथ. तू नेटाने दुसरं गिऱ्हाईक शोधलं असतंस तरी तिने त्यालाही जिन्यावरूनच परतवून लावलं असतं. तू ठेवलं नाहीस तिला इथे, ती राहिली.

आणि कशी राहिली. भाजीवाला हाकेच्या अंतरावर, तरी गाडीने जाणार. का, तर ‘बॅटरी बसेल’. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तिनेच नेलं-आणलं. परतताना खांबाला गाडी घासली, तर म्हणते, ‘पट्टी आहे ना डोळ्यावर? तुला दिसलं नाही, म्हणजे झालं नाही.’

तुझा फोन आला त्या दिवशी मी किल्ली घेऊन खाली गेले. मला कुठे चालवता येते, म्हणून वॉचमनला म्हटलं, जरा सुरू करून बघ. त्याने दार उघडलं, पण त्याला आत शिरताच येईना. प्रभा बुटकी, त्यामुळे सीट पार स्टिअरिंगला भिडवलेली, पाठीला उशी. तो सीट मागे सरकवायला गेला आणि मीच म्हटलं, राहू दे. दार लावून घेतलं. उंचीने तू तुझ्या बाबांवर गेलास, तुलाही तिथे बसता येणार नाही. तर तू ये, आणि ती सीट तुझ्या हाताने मागे घे. मग विकायची तर वीक, ठेवायची तर ठेव, मी एक शब्द बोलणार नाही. या महिन्यातच ये, पोरीलाही आण. फक्त निघताना कळव, म्हणजे तुमच्या गाद्या उन्हात घालून ठेवते.