पियानोचे पाय

पियानोला पाय असतात, हे मला त्या पायांवर आठ महिने घागरी ठेवल्यानंतर कळलं.

पियानो म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आमचं मोठं घराणं असणार. काही नाही हो! पूर्णेला रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात आम्ही. आमचे हे पार्सल हापिसात कारकून. धाकटे दीर, वसंत भावजी, परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बदली होऊन गाव सोडणाऱ्या एका म्हाताऱ्या गार्डसाहेबाकडून त्यांनी हा विजेवर चालणारा पियानो घेतला होता. तेव्हाच तो इतका जुना होता, की बटन दाबल्यावर आधी खोकायचा अन् मग वाजायचा (असं ऐकून होते, मी वाजताना कधी बघितला नव्हता. भावजींचा पूर्णेला कार्यक्रम झाला, तेव्हा मी सोनपेठला माहेरी बाळंतपणाला).

भावजी काविळीनं गेले. सव्वीस वर्षांचं पोरगं, पंधरा दिवसांत गेलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी पियानो घरी पाठवला. गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड, अन् सुतळीनं बांधलेले चार लोखंडी पाइप.

त्या दिवसापासून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलायच्या बंद झाल्या. रडल्याही नाहीत. भाकरी पुढं ठेवली तर खायच्या, नाही ठेवली तर मागायच्या नाहीत. भिंतीला पाठ लावून त्या धुडाकडं बघत बसायच्या. घरात इतकी शांतता, की शेजारच्या क्वार्टरात वरणाला फोडणी दिली तरी आमच्याकडं सगळे दचकायचे. डॉक्टर म्हणाले, "एकदा रडू द्या, मग बोलतील." आता सासूला रडवायचं कसं, हे कोणत्या सुनेला सरळ विचारता येतं?

मी आपली कामात जीव रमवायची. परसात पाण्याच्या घागरी ठेवायला जागा नव्हती. ते चार पाइप मला आयते सापडले. एका टोकाला आटे होते. ते वर केले, वरवंट्यानं ठोकठोक ठोकून चारी पाइप जमिनीत गाडले, वर फळी टाकली. ते बघून हे म्हणाले, "वा! डोकं हाय तुला." (तेवढं एकदाच म्हणाले आयुष्यात, अन् तेही चुकीच्या जागी!)

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा भावजींचा मित्र नामदेव परभणीहून आला. ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा, पियानोवरही हात चालायचा. नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती, तर बिचारा मालगाडीच्या गार्डाला हातापाया पडून आला. पाणी प्यायला परसात गेला, अन् तिथनंच ओरडला.

"वैनी! हे काय केलंव?"

"काय झालं? घागर फुटली का?"

"आवं, हे पियानोचे पाय हायत! त्याच्यावर पियानो उभा राहतोय!"

मी फळी उचलली. आट्यांचा पार चेंदामेंदा. एक पाइप तर मधनं वाकलेला, भरल्या घागरींच्या वजनानं.

नामदेव खाली बसला. म्हणाला, "वैनी, माझ्या मनात होतं, वर्षश्राद्धाला हा पियानो मांडावा, वसंता वाजवायचा तीच चाल मावशीम्होरं वाजवावी. मावशी रडली तर रडली. आपल्याला दुसरं काय येतंय?"

त्या क्षणी मी ठरवलं. हे होते ड्युटीवर, आल्यावर विचारलं असतं तर म्हणाले असते, "बघू." अन् ह्यांचं 'बघू' मला ठाऊक. पाइप पोत्यात घातले अन् स्टेशनामागच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं गेले.

चाचांनी पाइप फिरवून फिरवून बघितले. "बाई, ह्येच्यावर काय रेल्वे गेली का?"

"घागरी ठेवल्या होत्या."

"आटे खलास. वाकलेला सरळ करायला गेलो तर तडकंल. चांगला तुकडा ठेवून बाकी कापायचा, नवे आटे पाडायचे. अन् एक कापला की चारी कापायचे."

"मग उरतंय किती?"

"वीतभर. न्हाईतर दुसरा पाइप जोडून पुरा लांब करून देतो. दोन दिवस जास्ती लागतील."

इथं माझी अक्कल चालली. मी आयुष्यात वाजवायची पेटी बघितली ती भजनातली. मी सरळ चाचांच्या दुकानात, लोखंडाच्या किसात, मांडी घालून बसले. हवेत दोन्ही हात धरले. "मापा."

"बाई, खुर्चीवर बसून वाजवत असतील..."

"आम्ही काय साहेब हाव का, खुर्चीवर बसून वाजवायला! कापा."

चाचांनी माझ्या गुडघ्याला पट्टी लावली. वीतभर बरोबर आलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोन दिवसही वाचले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उठली, पै-पाहुणे बसले. मी मोठ्या तोऱ्यात पियानोवरचा गोणपाट काढला. पाय लावलेला पियानो जमिनीलगत असा बसला होता, जसं एखादं जनावर थकून बसावं.

हे म्हणाले, "ह्याला काय झालं?"

नामदेवनं खुर्ची आणली होती, ती गुपचूप मागं सरकवली अन् पाटावर मांडी घातली. मांडी पियानोखाली जाईना. मग पाय लांब करून, पोटावर वाकून बसला. त्यात पियानोला पायानं दाबायचं एक पेडल होतं (हे मला कुणी सांगावं!). ते बाजूला ठेवलं, अन् दाबायला ह्यांना बसवलं.

"दादा, मी मान हलवली की दाबा."

"आता?"

"आवं, आता डास बसला होता! ती मान न्हाई!"

पियानो खोकला. मग वाजला. मधल्या तीन पट्ट्या मुक्या, ह्यांचं पेडल भलत्याच वेळी, अन् वाकून वाकून नामदेवच्या तोंडातनं "आई गं" निघत होतं. भावजींची ती चाल पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येत होती. सगळ्यांच्या नजरा आत्याबाईंवर. त्यांचे ओठ हलले. वर्षानं!

"कुणी कापले?"

ह्यांनी पेडलवरचा हात काढला अन् थेट माझ्याकडं दाखवला.

"ह्येचे पाय कुणी कापले? माझा लेक खुर्चीवर बसायचा! साहेबावानी! समदा हॉल उभा राहायचा त्याच्यासाठी! अन् ह्या बयेनं त्याला भुईवर आणलं! घागरी ठेवल्या! माझ्या डोळ्यांदेखत घागरी ठेवल्या गं माझ्या लेकरावर!"

अन् मग त्या रडल्या. असं रडणं मी परत कधी ऐकलं नाही. मीही रडले, नामदेव तर पट्ट्यांवर डोकं टेकून रडला, त्याबरोबर पियानोही भेसूर ओरडला. शेजारणी डोळे पुसत हात जोडायला लागल्या, "बोलल्या गं बाई, बोलल्या!" इकडं मला शिव्या बसायलात, अन् तिकडं बायका आनंदानं एकमेकींना साखर वाटायलात!

तासाभरानं आत्याबाईंनी आपल्या तोंडानं भाकरी मागितली. खाता खाता म्हणाल्या, "पिठलं अळणी हाय."

त्यानंतर त्या चौदा वर्षं जगल्या, अन् एक दिवस गप्प बसल्या नाहीत. कुणाची सासू अबोल झाली, की अजूनही बायका मला विचारायला येतात, "काकू, तुम्ही कसं बोलतं केलं?" मी त्यांना पाटावर बसवते, चहा देते अन् म्हणते, "सांगते, पण आधी दोन दिवस घरी जाऊन नीट विचार करून ये. मी केला नव्हता."