शेवटचा नंबर

रविवारची सकाळ. कालिंदीकाकू ओट्याशी कोळंबी सोलत होत्या, गंगाधरकाका पेपरात डोकं घालून बसले होते. तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावरची लतिका. परळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. दर शुक्रवारी तिच्या वर्गात पडद्यावर प्रश्न येतात, मुलं घरून आणलेल्या मोबाइलवर उत्तरं दाबतात आणि लगेच नंबर लागतात. मुलं त्यासाठी जीव टाकतात.

"काकू, तुमचे दोघांचे फोन हवेत. आणि तुम्ही दोघं पण."

"आमची परीक्षा घेतेस की काय?" काका म्हणाले.

"खेळ आहे हो. मला एक गोष्ट बघायचीय."

ती गोष्ट म्हणजे तिच्या वर्गातली मनवा. तोंडी विचारलं तर नीट समजावून सांगणारी मुलगी. पण हा खेळ सुरू झाल्यापासून शुक्रवार आला की तिचं पोट दुखतं. आता तर ती शाळेतच येत नाही त्या दिवशी. कारण विचारलं तर नुसती खाली बघते.

काकू हात धुऊन आल्या. लतिकाने लॅपटॉप उघडला. पहिला प्रश्न: बर्फ पाण्यावर का तरंगतो? कोपऱ्यात सेकंदांचं घड्याळ पळू लागलं. काका चष्मा न लावताच बोट टेकवून मोकळे. काकूंनी प्रश्न वाचला, चारही पर्याय वाचले, स्वतःशीच मान हलवली आणि मग दाबलं. शेवटपर्यंत दोघांचं असंच चाललं.

काका पहिले आले.

"अहो, तुमची तर दोन चुकली."

"चुकू देत. नंबर कोणाचा वर आहे बघ."

काकू लतिकाकडे वळल्या. "माझं एकही चुकलं नाही गं. मग मी खाली कशी?"

"लवकर दाबलं की जास्त गुण मिळतात, काकू."

"मग मी वाचायचं कधी?"

लतिकाने पडद्यावरच्या नंबरांकडे पाहिलं. मनवासुद्धा अशीच वाचते, ओठ हलवत, शेवटच्या पर्यायापर्यंत. आणि आपण वर्गात फक्त वरची तीन नावं मोठ्याने वाचतो.

"घड्याळ काढता नाही येत?" काकूंनी विचारलं.

"येतं. या शुक्रवारी काढतेच. पण नुसतं सांगून ती येणार नाही. आपण एकटीच मठ्ठ आहोत असं तिला वाटत असणार." लतिकाने लॅपटॉप मिटला. "एकही न चुकता तुमचाही नंबर शेवटी लागला, हे मी तिला आधी सांगते. काकू, शुक्रवारी वर्गात याल? मनवाच्या बाकावर बसून तिच्याबरोबर खेळाल?"