कोरडा कोपरा

जेवण अंगावर आलंय आणि कुमुदिनीचे डोळे मिटताहेत. समोरच्या स्टुलावर काचेची पेटी आहे, झाकण काढलेली. आज ती रिकामी करायचीच, असं ठरवून कुमुदिनी बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसली आहे.

नवऱ्याला, यशवंतरावांना, जाऊन नऊ महिने झाले. घरात काहीतरी जिवंत असावं म्हणून तिने ही पेटी मांडली. खाली खडी, वर माती, शेवाळ, एक नेचा, झाडाच्या सालीचा तुकडा, मूठभर वाळकी पानं. मग कुरिअरने बारा आयसोपॉड आले. ओल्या दगडाखाली सापडतात तसले, हात लावला की अंगाची गोळी करणारे करडे जीव. ते कुजकी पानं खातात, पेटी साफ राहते, एवढंच तिला माहीत होतं. सुकून मरतील या धास्तीने ती दिवसातून चार-चार वेळा पाणी फवारत राहिली. गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्यापैकी एकही दिसलेला नाही. शेवाळाला कुबट वास येतोय. मेले असणार.

तिचा हात पेटीच्या काठावर टेकतो. मान कलते.

"किती पाणी घालशील अजून?"

शेजारच्या खुर्चीत यशवंतराव बसलेत. बिनबाह्यांचा स्वेटर, कानामागे पेन्सिल. इरिगेशनमध्ये ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाले तरी पेन्सिल काही सुटली नाही. तिला त्यांचं नवल वाटत नाही.

"अहो, चहा टाकू?"

"बस गं. मी आलो की लगेच उठतेस कशाला?"

ती बसते, तर खाली खुर्ची नाही, कोयनानगरच्या क्वार्टरची मागची पायरी आहे. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय. धुण्याचा काळा दगड, पलीकडे शेवगा, दोरीवर त्यांचा एकुलता एक चांगला शर्ट. नेचा मात्र तिच्या खांद्याएवढा वाढलाय आणि आभाळाच्या जागी काच आहे, आतून थेंब धरलेली.

"हा दगड मी उचलला होता, आठवतं? खाली हेच किडे होते. तू किंचाळून आत पळालीस."

"किंचाळले नव्हते. दूध उतू जात होतं."

ते हसतात, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. तसं हसताना त्यांना शेवटचं कधी पाहिलं, ते तिला आठवत नाही.

ते उकिडवे बसून दगड कलता करतात. खाली नुसता चिखल.

"बघा. मीच मारले," ती म्हणते.

"चिखलात ते कशाला राहतील? त्यांना ओल लागते, पण साचलेल्या पाण्यात जीव जातो त्यांचा. एक बाजू कोरडी ठेवायची असते. ज्याला जिकडे बरं वाटेल तो तिकडे जातो."

चिखलावर पांढरी चादर आहे. त्यांचा पलंग, औषधांचं टेबल, बंद खिडक्या. शेवटचे चार महिने. ते उशीला टेकून बसलेत, गळ्याला मफलर.

"तुम्ही रोज म्हणायचात, मला बाल्कनीत बसव," ती म्हणते. "डॉक्टरांनी नाही म्हटलंच नव्हतं. मलाच भीती वाटायची. मी खिडकीसुद्धा उघडली नाही. गुदमरत होतं का हो तुम्हाला?"

ते बंद खिडकीकडे बघतात.

"थोडं," ते म्हणतात. मन राखायला खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. "रागही यायचा तुझा. पण मफलर गुंडाळलास की गळ्यापाशी बोट घालून बघायचीस, फार आवळला तर नाही ना. रोज. त्या बोटाची मी वाट बघायचो."

ती त्यांच्या गळ्यापाशी बोट घालते. मफलर सैल आहे.

"आणि ते बारा?" ती विचारते.

"तुझं पाणी पोचत नाही तिथे बघ."

खिडकी उघडी आहे. वारा आत येतोय. पलंगाखाली पानंच पानं, वाळलेली, कुरकुरीत. ती वाकून हात घालते.

"अजून आत," ते म्हणतात, आता खिडकीपलीकडून. "घाई करू नकोस."

खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होते आणि कुमुदिनी डोळे उघडते. ऊन कठड्यावर आलंय. शेजारच्या खुर्चीत कोणी नाही. तिचा हात मनगटापर्यंत पेटीत आहे. साल उलटलेली, मागच्या कोपऱ्यातली कोरडी पानं विस्कटलेली.

ती हात सावकाश बाहेर काढते. नखांत काळी माती. अंगठ्याच्या पेरावर काहीतरी वळवळतं. रव्याच्या कणाएवढं, पांढरं, बारीक पायांचं. कुरिअरने आले ते सगळे करडे होते, चांगले मोठे. हे इथेच जन्मलंय.

आत फोन वाजतो आणि वाजून थांबतो. पिल्लू अंगठ्यावरून उतरून तळहाताच्या रेषेत शिरतं. कुमुदिनी हात तसाच धरून बसते.