जुन्या कॉम्प्युटरची वकिली

कबनूरच्या एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी नवा सर्व्हर बसवला, तेव्हा फार खुशीत होते. इतकी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, पण जुनी मशीनं पाहिली की माझं डोकं फिरतं. तिथले नवे कॉम्प्युटर मुकाट्यानं सर्व्हरला जोडले गेले. अडून बसला तो कोपऱ्यातला एकच जुना, काकींचा. चालू केल्यावर एक चहा पिऊन व्हायचा, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. त्याची जुनी बोली नव्या सर्व्हरला कळेना, आणि सर्व्हर त्याला दारात उभं करीना.

काकी तिथल्या सगळ्यात जुन्या कारकून, बिलं करायच्या. मी म्हटलं, "काकी, उद्या नवा आणते. हे धूड जाऊ दे भंगारात."

मालक जेवायला गेले होते. काकींनी इकडंतिकडं बघून उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं नीट मिटत नव्हती.

"मागल्या वर्षी हातावरनं वारं गेलं. हितं कुणाला सांगितलं न्हाय. मशीन हळू हाय म्हणून माझा हात हळू दिसत न्हाय बघ. नवं आणलंस की मालक म्हणतील, काकी, आता घरी बसा. घरात बसून भिंतीसंगं बोलू काय मी?"

माझा सगळा तोरा उतरला. त्या बाईची इतकी माया आली की मी लगेच कामाला लागले. मधे एक छोटा कॉम्प्युटर बसवला. काकींचं मशीन त्याच्याशी जुन्या बोलीत बोलणार, तो ते नव्या बोलीत सर्व्हरला सांगणार. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. अख्खी दुपार गेली. पहिलं बिल पोचलं तेव्हा काकींनी पदरानं कीबोर्ड पुसला आणि दुसरं बिल करायला घेतलं.

मालकांना काय सांगायचं ते मी पाठच केलं होतं. निघताना ते दारात भेटले, तसं सुरू केलं: जुनी माहिती आहे, नव्या मशीनवर ती उघडत नाही, अजून थोडी वर्षं हेच ठेवावं लागेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्याडम, एवढं खोटं कशाला बोलताय?" ते हळूच म्हणाले. "सगळ्यांस्नी नवे कॉम्प्युटर घेतले, मग काकींचाच जुना का ठेवला असंल मी? तेवढा चालू ठेवा. आणि मला म्हाईत हाय, हे त्यांस्नी सांगू नका."